तीन तासांचा इशारा, पण आदेश कोणाचा?

नवा रायपूर : शहरी पुराचा धोका कमी करण्यासाठी केंद्राने हाती घेतलेल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्याला ऑक्टोबर २०२५ च्या प्रारंभी मंजुरी मिळाली. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने अकरा शहरांसाठी २४४४.४२ कोटी रुपये मान्य केले. भोपाळ, इंदूर, लखनौ, पाटणा, जयपूर यांच्या रांगेत रायपूरचेही नाव होते. पहिल्या टप्प्यात मुंबई, पुणे, चेन्नई, कोलकाता अशी सात महानगरे होती. त्यामुळे छत्तीसगढच्या राजधानीचा समावेश ही राज्य शासनाला सांगण्यासारखी गोष्ट ठरली. त्याच वर्षी रायपूरच्या डॉप्लर रडारचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती करून शहरांसाठी स्वतंत्र आपत्ती प्राधिकरणाची तरतूद केली. ढग पाहणारा डोळा, गटारांसाठी पैसा आणि आदेश देण्यासाठी कायदा, अशा तीनही गोष्टी दिल्लीकडून या शहराच्या पदरात एकाच वर्षी पडल्या. एखाद्या राजधानीचे असे भाग्य क्वचितच उघडते.

तरीही येत्या पावसाळ्यात मंत्रालयातून रायपूरकडे निघालेली कर्मचाऱ्यांची बस पाण्यात अडकणार नाही, अशी हमी या तीन गोष्टींपैकी एकही देत नाही. शहरातला पूर नदीच्या पुरासारखा दिवसांच्या हिशेबाने येत नाही, तो तासांच्या आणि पुष्कळदा मिनिटांच्या हिशेबाने येतो. रडारवर ढग दिसल्यापासून रस्त्यावर गुडघाभर पाणी साचेपर्यंतच्या दोन-तीन तासांत निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न आपल्या प्रशासनाने आजवर स्वतःला नीट विचारलेला नाही. यंत्र खरेदी करता येते. अधिकार मात्र सोपवावा लागतो, आणि तेथेच गाडे अडते.

प्रथम यंत्राविषयी. हवामान खाते ज्याला ‘नाऊकास्ट’ म्हणते तो तात्कालिक अंदाज पुढील तीन तासांपुरता असतो. ‘येत्या चोवीस तासांत तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ या परिचित वाक्याशी त्याचे नाते फार दूरचे आहे. चोवीस तासांचा किंवा पाच दिवसांचा अंदाज संगणकावरील प्रारूपांतून निघतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली नवी प्रणाली त्यासाठी देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडते. तात्कालिक अंदाजाची रीत याहून साधी आणि काहीशी नाविकाच्या रीतीसारखी आहे. रडार दर दहा मिनिटांच्या आसपास आकाशाची एक फेरी पुरी करतो. पावसाचे थेंब त्याच्या लहरी परावर्तित करतात; परावर्तन जितके प्रबळ, तितका पाऊस दाट. एका फेरीत ढग कोठे होता आणि पुढच्या फेरीत कोठे सरकला, यावरून त्याची दिशा व वेग काढायचा आणि तीच चाल पुढे चालू राहील असे धरून तासा-दीड तासाने तो कोणत्या वस्तीवर असेल हे सांगायचे. ही रीत पहिल्या तासात चांगली साथ देते, दुसऱ्या तासात डळमळू लागते आणि तिसऱ्या तासात तिच्यावर विसंबणे धाडसाचे होते. कारण उन्हाने तापलेल्या जमिनीवर उभा राहणारा गडगडाटी ढग अनेकदा अर्ध्या-पाऊण तासात जन्मतो, कोसळतो आणि संपतो. जो ढग अजून जन्मलाच नाही, त्याची चाल काढणार कशी?

आता रायपूरची गोष्ट. स्वतःचा रडार येईपर्यंत या शहराला सर्वांत जवळचा मोठा रडार नागपूरचा होता. भोसल्यांच्या काळात रायपूर-रतनपूरचे हुकूम नागपुराहून सुटत. पुढे मध्यप्रांताची राजधानी म्हणून १९५६ पर्यंत नागपूरच या मुलखाचे प्रशासकीय केंद्र राहिले. तात्यापाऱ्यातील जुन्या मराठी घरांना हा इतिहास सांगण्याची गरज नाही. पावसाच्या चित्रापुरते हे परावलंबन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या चतकोरातही टिकले होते, एवढेच. नागपूर ते रायपूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे २६५ किलोमीटर आहे. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वाकते. त्यामुळे अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण रायपूरवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून साधारण साडेसहा किलोमीटर उंच गेलेला असतो आणि पसरून साडेचार किलोमीटरहून रुंद झालेला असतो. पावसाळ्यात हिमरेषा पाच किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे नागपूरचा रडार रायपूरच्या ढगाचा माथा पाहत होता, त्याच्या पोटातला पाऊस नव्हे. सेक्टर १९ मध्ये पाऊस पडतो आहे की सेक्टर २७ मध्ये, हे त्याला दिसणे शक्यच नव्हते. शहरातच उभा असलेला रडार ही उणीव दूर करतो. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे स्वागत करायला हवे.

या सुधारणेची गरज जुन्या रायपूरपेक्षा नव्या रायपूरला अधिक का आहे, हे जमिनीकडे पाहिले म्हणजे कळते. सुमारे २३७ चौरस किलोमीटरच्या नियोजन क्षेत्रात पूर्वी धानाची खाचरे, भाट्याची मुरमाड माळराने आणि गावोगावचे तलाव होते. धानाच्या खाचराला बांध असतो. पाऊस पडला की प्रत्येक खाचर आपले पाणी आपल्यापाशी धरून ठेवते आणि भरल्यावरच पुढच्याला देते. हजारो बांधांनी मिळून हा जो विलंब घडवून आणला होता, त्याला कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात जागा नव्हती. आता त्या जागी रुंद रस्ते, पदपथ, वाहनतळ आणि इमारतींची छपरे आली. एका चौरस किलोमीटरवर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर पाच कोटी लिटर पाणी होते. शेतात त्यातले फार तर चौथाई-तिहाई लगेच वाहते; काँक्रीटवरून जवळजवळ सगळेच. शिवाय ते वाहण्याचा वेग बदलतो. पूर्वी जे पाणी ओढ्याला पोहोचायला अर्धा दिवस घेई, ते आता पाऊण तासात नाल्याच्या तोंडाशी येते. साहजिकच आदल्या दिवशीचा जिल्हास्तरीय ‘नारंगी’ इशारा येथे फारसा उपयोगी पडत नाही. पाणलोट लहान झाला, वेळ कमी झाली, म्हणून अंदाजही तितक्याच लहान क्षेत्राचा आणि तितक्याच थोड्या वेळेचा हवा.

जुन्या रायपूरची कथा निराळी नाही, फक्त जुनी आहे. तलावांचे शहर म्हणून त्याची ख्याती होती आणि त्यातले किती तलाव आता केवळ नावांत उरले आहेत, हे स्थानिकांना तोंडपाठ असते. रजबंधा तलावाचे रजबंधा मैदान झाले आणि त्या मैदानावर वृत्तपत्रांची कार्यालये उभी राहिली. तलाव बुजविण्याविरुद्ध अग्रलेख लिहिणारी लेखणी ज्या टेबलावर टेकते ते टेबल कोठे ठेवले आहे, हेही अधूनमधून आठवावे.

पण रडार असला म्हणजे पूर टळतो का? याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. ते पुन्हा नागपुरातच मिळते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत नागपुरात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडले आणि झोपेत असलेल्या वस्त्यांत पाणी शिरले. माणसे दगावली, बचावासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. हा पूर आला तेव्हा डॉप्लर रडार त्याच शहरात होता, साडेसहा किलोमीटर उंचीवरून पाहणारा नव्हे, तर ढगाच्या अगदी पायथ्याशी. पुढे चर्चा झाली ती सांडव्यासमोरच्या स्मारकाची, नदीपात्रातील बांधकामांची, तलावाच्या भक्कमपणाची. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेच्या रूपाने गेले. ही सर्व चर्चा योग्यच होती. मात्र रात्री उशिरा रडारच्या पडद्यावर जे दिसते ते पाहून अंबाझरीखालच्या वस्त्यांत भोंगा वाजविण्याचा आदेश देणे हे कोणाच्या कर्तव्यात लिहिलेले असायला हवे, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. पहाटे तीन वाजता जागा असणारा आणि अधिकार असणारा माणूस एकच असावा लागतो. आपल्याकडे हे दोघे सहसा वेगवेगळे असतात.

मुंबईने याच प्रश्नाचे शुल्क सर्वांत जबर भरले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात तो ७३ मिलिमीटर होता. एकाच शहरातील दोन वेधशाळांमधला हा फरक म्हणजे स्थानिक निरीक्षण का हवे याचे उत्तरच. त्या दिवशी दुपारी कार्यालये सुटली आणि लाखो माणसे आपण होऊन पाण्यात चालत गेली. ‘आहात तेथेच थांबा’ हे एक वाक्य वेळेत कोणी अधिकाराने सांगितले असते तर बळींची संख्या कमी झाली असती, असे मानायला जागा आहे. माधवराव चितळे यांच्या समितीने नंतर मिठी नदीपासून पर्जन्यजलवाहिन्यांपर्यंत सगळ्याचा पंचनामा केला. ताशी पंचवीसऐवजी पन्नास मिलिमीटर पाऊस वाहून नेऊ शकतील अशा वाहिन्या बांधण्याची ‘ब्रिमस्टोवॅड’ योजना १९९३ पासून कागदावर होतीच. तिला तेव्हा गती आली. उदंचन केंद्रे उभी राहू लागली, महापालिकेने शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रे बसविली, कुलाब्याला डॉप्लर रडार आला, २०२२ मध्ये वेरावलीला दुसरा आला. जून २०२० मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी मिळून ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली सुरू केली. कोणत्या विभागात किती पाणी साचेल हे आधी सांगणे, हा तिचा उद्देश. मुंबई आजही तुंबते. परंतु महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षातला अधिकारी कोणाला फोन करायचा हे जाणतो, भरतीचे वेळापत्रक त्याच्या समोर असते आणि शाळा सोडण्याचा निर्णय दुपारच्या सत्रापूर्वी जाहीर होतो. वीस वर्षांत मुंबईने जे खरोखर कमावले ते हे आहे.

पाण्याचा हा प्रश्न अखेर राज्यघटनेच्या दारात येऊन थांबतो. सातव्या अनुसूचीत ‘हवामानशास्त्रीय संघटना’ संघसूचीत आहेत, ६८ व्या नोंदीत. ‘जलनिस्सारण व बंधारे’ राज्यसूचीत आहेत, १७ व्या नोंदीत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना सोपवायच्या अठरा विषयांची बारावी अनुसूची जोडली; त्यात अग्निशमन आहे, स्मशानभूमी आहे, उद्याने आहेत, कोंडवाडेही आहेत. पावसाच्या पाण्याचा निचरा किंवा पूर या विषयांना स्वतंत्र नोंद नाही. ‘आपत्ती व्यवस्थापन’ तर तीनही सूचींत कोठेच नाही. २००५ चा कायदा समवर्ती सूचीतील सामाजिक सुरक्षेच्या नोंदीचा आधार घेऊन केला गेला. म्हणजे ढग केंद्राचा, नाला राज्याचा, गाळ नगरपालिकेचा आणि बुडणारा माणूस सामाजिक सुरक्षेचा विषय! घटनाकारांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. १९५० साली ढगाची चाल पाहून दोन तास आधी भुयारी मार्ग बंद करता येईल, अशी कल्पना कोणी केली नव्हती. पण विषयांची ही वाटणी कायम असेल तर दोन्ही बाजूंना जोडणारा दुवा कोणीतरी जाणीवपूर्वक घडवावा लागतो.

तो दुवा कसा असावा हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१० मध्येच सांगितले होते. शहरी पुरावरील त्या मार्गदर्शक तत्त्वांनी शहरी पूर हा नदीच्या पुरापासून वेगळा विषय मानला, डॉप्लर रडारच्या जाळ्याचा आग्रह धरला आणि प्रत्येक चार चौरस किलोमीटरमागे एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा असे म्हटले. या शेवटच्या शिफारशीला विशेष महत्त्व आहे. रडार पाऊस मोजत नाही, तो परावर्तन मोजतो. त्यावरून पाऊस किती हे सूत्राने काढले जाते आणि ते सूत्र थेंबांच्या आकारमानाप्रमाणे चुकू शकते. जमिनीवरचे पर्जन्यमापक त्याला वेळोवेळी दुरुस्त करतात. नवा रायपूरच्या नियोजन क्षेत्राला हे प्रमाण लावले तर साठाच्या आसपास पर्जन्यमापक लागतील. रडारच्या तुलनेत त्यांचा खर्च किरकोळ आहे. अडचण इतकीच की पर्जन्यमापकाच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत आणि त्यात अडकलेले पान काढायला दर आठवड्याला कोणी जात नाही.

दिल्लीत राहून संसदेचे वार्तांकन करणाऱ्याला याचा आणखी एक पैलू दिसतो. लोकसभेत पुरावर चर्चा होते ती बहुधा मदतीवर: किती निधी दिला, किती मागितला, पथक केव्हा पाहणीला आले. इशाऱ्यावर चर्चा क्वचित होते आणि झालीच तर ‘किती रडार बसविले’ एवढ्या आकड्यावर येऊन थांबते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन हजार कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मान्यता दिली, तेव्हाही उत्तरांचा सूर हाच होता. त्याच वर्षी २८ जून रोजी राजधानी दिल्लीत सफदरजंग येथे चोवीस तासांत २२८ मिलिमीटर पाऊस झाला आणि महिन्याभराने जुन्या राजिंदर नगरात तळघरातील वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी मरण पावले. देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा हवामान खाते दिल्लीच्या अधिक जवळ आहे. त्याचे मुख्यालयच तेथे, लोदी मार्गावर आहे. पण रस्त्यावर पाणी वाढत असताना ‘तळघर रिकामे करा’ असे त्या गल्लीत जाऊन सांगणारा कोणी नव्हता.

येथे अधिकाऱ्यांची बाजू मांडणे आवश्यक आहे, कारण या पानाच्या वाचकांत तेच अधिक आहेत. समजा, दुपारी तीन वाजता इशारा आला की साडेपाचच्या सुमारास नवा रायपूरवर तासाला साठ मिलिमीटरचा पाऊस संभवतो. अधिकाऱ्याने कार्यालये लवकर सोडली, बसगाड्या आधी काढल्या, भुयारी मार्ग बंद केला. आणि ढग अभनपूरकडे वळून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे खुलासा मागितला जाईल, वर्तमानपत्रांत थट्टा होईल. याउलट त्याने काहीच केले नाही आणि पाणी साचले, तर पाऊसच ‘अभूतपूर्व’ होता असे सांगून सर्वजण सुटतात. निष्क्रियतेला शिक्षा नाही आणि सावधगिरीला आहे, अशा व्यवस्थेत शहाणा माणूस काय करील? हवामान खात्याचा इशारा नस्तीला लावून ‘माहितीस्तव सादर’ एवढेच लिहील. तात्कालिक अंदाज स्वभावतःच काही वेळा चुकणार आहे. चुकीच्या इशाऱ्याची किंमत कोण सोसणार हे आधी ठरलेले नसेल तर अचूक इशारासुद्धा वाया जातो.

हाँगकाँगने यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. तेथील वेधशाळा १९९० च्या दशकापासून पावसाचे पिवळे, लाल आणि काळे असे तीन इशारे देते. तासाला ३०, ५० आणि ७० मिलिमीटर हे त्यांचे उंबरठे. काळा इशारा निघाला की शाळांनी काय करायचे, मालकांनी काय करायचे, रस्त्यावरच्या माणसाने काय करायचे हे सगळे आधीच छापलेले असते. त्या क्षणी कोणालाही बुद्धी चालवावी लागत नाही आणि म्हणूनच कोणाला खुलासाही द्यावा लागत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे एका तासात १५८.१ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा वाहिन्या अपुऱ्या पडल्या आणि शहर बुडालेच. पण आपण काय करायचे, यासाठी कोणी वरच्या आदेशाची वाट पाहत बसले नव्हते. इतके दूर जायचे नसेल तर अहमदाबाद आहे. तेथील महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी असाच आराखडा केला: तापमानाचा अमुक अंदाज आला की रुग्णालयांनी अमुक तयारी करायची. तो आराखडा आज देशातल्या अनेक शहरांनी उचलला आहे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली आणि २०१३ च्या फायलिनमध्ये बळींची संख्या काही डझनांवर आली. यामागेही अंदाजातील सुधारणेइतकाच वाटा ठरलेल्या कृतीचा होता. चक्रीवादळाला चार दिवस मिळतात, शहरी पुराला तीन तास. त्यामुळे येथे आधी ठरविण्याची निकड उलट अधिक आहे.

यापुढचा प्रश्न कायद्याचा आहे आणि नवा रायपूरच्या दृष्टीने तोच सर्वांत अवघड आहे. आपत्ती व्यवस्थापन दुरुस्ती विधेयक लोकसभेने १२ डिसेंबर २०२४ रोजी आणि राज्यसभेने २५ मार्च २०२५ रोजी संमत केले. त्याने मूळ कायद्यात ४१-अ हे कलम घातले. राज्याची राजधानी आणि महानगरपालिका असलेली शहरे यांच्यासाठी राज्य शासन नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापू शकेल, महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष असतील, अशी ही तरतूद आहे. विरोधी पक्षांनी सभागृहात केंद्रीकरणाचा आक्षेप घेतला. गृहमंत्र्यांनी तो फेटाळला. महापालिका आयुक्त अध्यक्ष हे कलम मात्र फारसे वाद न होता पार झाले आणि तेच रायपूरसाठी महत्त्वाचे आहे.

कारण रायपूरला महापालिका आहे, महापौर आहे, आयुक्त आहे. नवा रायपूरचा कारभार पाहते ते विकास प्राधिकरण. मंत्रालय २०१२ मध्ये येथे आले, विभागप्रमुखांची कार्यालये इंद्रावती भवनात आली, १ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते विधानसभेच्या नव्या इमारतीचे लोकार्पणही झाले. राज्याची राजधानी म्हणून जे काही दाखविता येते ते सर्व या बाजूला आहे. ज्या पदावर कायद्याने शहरी आपत्तीचा भार ठेवला ते पद त्या बाजूला. कलमातील ‘राजधानी’ या शब्दात नवा रायपूर बसते, पण अध्यक्षपदाच्या वाक्यात बसत नाही. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेने रायपूर, नवा रायपूर आणि दुर्ग-भिलाई यांना कवेत घेणाऱ्या राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरणाचे विधेयक संमत केले. त्यामुळे या चित्रात आणखी एका प्राधिकरणाची भर पडली. स्मार्ट सिटी योजनेत रायपूर २०१६ मध्ये आणि नवा रायपूर २०१७ मध्ये निवडले गेले आणि दोघांनीही आपापले नियंत्रण कक्ष उभारले. वीसेक किलोमीटरवर दोन नियंत्रण कक्ष, आणि ढग मात्र एकच. तो हद्द पाहून बरसत नाही.

उपाय फार गहन नाही. अधिसूचना काढताना राज्य शासनाने महापालिकेची हद्द आणि विकास प्राधिकरणाचे क्षेत्र यांना एकाच नागरी आपत्ती प्राधिकरणाखाली आणावे, पाणलोट जेथवर जातो तेथवर त्याची हद्द न्यावी आणि विकास प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला त्यात नुसते निमंत्रित न ठेवता निर्णयाचा अधिकार द्यावा. कलम ४१-अ ऐच्छिक आहे, ‘करू शकेल’ असे म्हणणारे आहे. त्यामुळे हे न करण्याचे स्वातंत्र्य शासनाला आहे, आणि आपल्याकडे अशा स्वातंत्र्याचा उपभोग पुरेपूर घेतला जातो.

पैशाच्या बाबतीतही सावध राहण्याचे कारण आहे. केंद्राच्या या कार्यक्रमाचा नव्वद टक्के भार केंद्र उचलते, राज्याने दहा टक्के घालायचे. सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराला आणि त्याला मंजुरी देणाऱ्या अभियंत्याला काँक्रीटचा नाला मोजता येतो, मोजमापपुस्तकात नोंदता येतो. नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसणाऱ्या दोन प्रशिक्षित माणसांचा पाच वर्षांचा पगार, पर्जन्यमापकांची देखभाल, रडारचे आकडे थेट नाल्यांच्या नकाशावर उतरविणारी संगणकप्रणाली, या बाबी अशा अहवालात शेवटच्या पानांवर ‘इतर’ या शीर्षाखाली जातात आणि खर्च कमी करायची वेळ आली की प्रथम त्यांच्यावरच कात्री चालते. नाले हवेतच, यात शंका नाही. केंद्रीय नागरी कामकाज मंत्रालयाची २०१९ ची पर्जन्यजल निचरा नियमपुस्तिका त्यांची क्षमता कशी ठरवायची हे सांगते. पण दर दोन किंवा पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी बांधलेला नाला दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसात भरणारच. तो तसा भरावा हे गृहीत धरूनच बांधलेला असतो. त्या दिवसासाठी इशारा लागतो.

त्या दिवशी करायचे काय, याची यादीही लांबलचक नाही. सेंध आणि झांझ या तलावांची पातळी आदल्या रात्री किती आहे हे पाहून पोटात जागा ठेवणे. नाल्यांच्या जाळ्यांवर अडकलेला कचरा पहिल्या सरीपूर्वी काढणे. सखल चौकांत पंप आणि माणसे आधी नेऊन ठेवणे. विमानतळाकडचा रस्ता मोकळा राखणे. आणि महानदी भवन व इंद्रावती भवनातून रायपूरला परतणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांना एकतर दीड तास आधी सोडणे, नाही तर पाऊस ओसरेपर्यंत थांबवून ठेवणे. यातला शेवटचा निर्णय सर्वांत स्वस्त आहे. त्याला एक रुपयाही लागत नाही, सामान्य प्रशासन विभागाचे एक परिपत्रक लागते. ताशी किती मिलिमीटरचा इशारा आला की ते आपोआप लागू होईल आणि इशारा चुकला तरी कोणाकडेही खुलासा मागितला जाणार नाही, एवढी दोन वाक्ये त्यात असली म्हणजे पुरे. मोसमी पाऊस या भागात साधारणतः जूनच्या मध्यास येतो. परिपत्रक त्यापूर्वी निघायला हवे.